गाडी ठोकून समोरचा पळाला, तर काय करायचं?

२०२२ या एका वर्षात देशात ६७,३८७ ‘हिट अँड रन’ अपघात नोंदले गेले. त्यांत ३०,४८६ माणसं गेली. पळालेली गाडी सापडलीच नाही, तरी मृताच्या वारसांना आणि गंभीर जखमींना सरकारी योजनेतून ठरावीक भरपाई द्यायची, असा कायदा आपल्याकडे आहे. आता दुसरा आकडा पाहा. २०२२-२३ या आर्थिक वर्षात त्या भरपाईसाठी अख्ख्या देशातून अर्ज आले २०५, आणि निकाली निघाले ९५. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात हा हिशेब मांडला गेला आणि न्यायालयाने पोलिसांना काही गोष्टी बंधनकारक केल्या. त्यांच्याकडे पुढे येतोच.

योजना आहे हे बहुतेकांना ठाऊकच नसतं, म्हणून अर्ज येत नाहीत. ज्यांना ठाऊक असतं त्यांच्याकडेही पहिल्या दोन दिवसांत व्हायला हवे होते ते कागद नसतात. नुकतीच गाडी घेतलेल्यांसाठी, शिकून नवीन लायसन्स काढलेल्यांसाठी आणि शहरात नव्याने आलेल्यांसाठी हे लिहितोय. संदर्भ महाराष्ट्राचा असला तरी कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे गोव्यात किंवा इंदूरला असाल तरी यातलं बहुतेक लागू पडेल.

पाठलाग करायचा नाही

धडक बसली, समोरच्याने आरशात पाहिलं आणि ॲक्सिलरेटर दाबला. अशा वेळी रक्त उसळतं आणि गाडी मागे घालावीशी वाटते. घालू नका. तुमचं स्टिअरिंग किंवा चाक धड आहे की नाही हे तुम्हाला अजून माहीत नसतं. शेजारी बसलेल्या माणसाला काय लागलंय तेही कळलेलं नसतं. शिवाय तुम्ही जागा सोडली की पुरावाही तिथेच मागे राहतो.

हॅझार्ड लाइट लावा. गाडी चालण्यासारखी नसेल तर माणसं आधी बाहेर काढा, शक्यतो डावीकडून. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर किंवा कुठल्याही महामार्गावर असाल तर रेलिंगच्या पलीकडे जाऊन उभे राहा. गाडीमागे उभं राहून मोबाइलवर बोलणाऱ्याला दुसरी गाडी येऊन उडवते, असं महामार्गावर पुष्कळदा होतं.

फोन ११२ वर करा. रुग्णवाहिकेसाठी महाराष्ट्रात १०८. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ वरूनही मदत मिळते. कुणाला काही लागलं नसलं तरी ११२ ला फोन करा, कारण त्या कॉलची वेळेसकट नोंद होते. ‘अपघात झाला तेव्हाच कळवलं होतं’ याचा तो सगळ्यात सोपा पुरावा.

नंबर: आठवेल तेवढा, पण लगेच

पळणाऱ्या गाडीचा पूर्ण नंबर फार थोड्यांना दिसतो. शेवटचे चार आकडे डोक्यात राहतात, मधली दोन अक्षरं निसटतात. जे दिसलं ते त्याच क्षणी मोठ्याने बोलून मोबाइलमध्ये रेकॉर्ड करा. टाइप करत बसाल तर हात थरथरतात आणि तेवढ्यात आकडे उलटसुलट होतात. शेजारी कुणी असेल तर त्याला काय दिसलं ते वेगळं विचारा. आधी तुमचं ऐकवलंत, तर तोही तेच सांगेल.

नंबर मुळीच दिसला नसेल तरी पाटीचा रंग बहुधा आठवतो, आणि तोही उपयोगी असतो. पांढरी पाटी खासगी गाडीची, पिवळी टॅक्सी, टेम्पो, ट्रक अशा व्यावसायिक गाड्यांची, हिरवी विजेवर चालणारीची, आणि काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असली तर ती स्वतः चालवायला भाड्याने दिलेली गाडी. सुरुवातीचे आकडे दिसले तर कोणत्या आरटीओची गाडी ते कळतं: एमएच १२ पुणे, १४ पिंपरी-चिंचवड, ०४ ठाणे, ४३ नवी मुंबई. अर्धा नंबर, रंग आणि मॉडेल एवढ्यावरून पोलीस वाहन नोंदणीच्या यादीत शोध घेऊ शकतात. तुम्हाला ते जमणार नाही. तुमच्याकडे पूर्ण नंबर असेल तर मात्र एम-परिवहन ॲपवर गाडीचं मॉडेल आणि विमा चालू आहे की नाही एवढं दिसतं. मालकाचं नाव तिथे अर्धवट झाकलेलं असतं. त्यावरून पत्ता हुडकून त्याच्या दारात जाऊन उभं राहण्याचा उद्योग करू नका.

रस्त्यावर पडलेले तुकडे

याकडे जवळजवळ सगळेच दुर्लक्ष करतात. धडकेत फक्त तुमचीच गाडी फुटत नाही, पळालेल्याचीही काहीतरी सांडून जाते: हेडलाइटची काच, आरशाचं कव्हर, बंपरचा तुकडा, इंडिकेटरचं नारिंगी प्लास्टिक. बंपरचा तुकडा उलटा करून पाहिलात तर आतल्या बाजूला बऱ्याचदा कंपनीचं चिन्ह आणि पार्ट नंबर उठवलेला दिसतो. दिव्याच्या कडेलाही दिवा बनवणाऱ्याचं नाव आणि क्रमांक असतो. त्यावरून गाडी कोणत्या मॉडेलची आणि साधारण कोणत्या वर्षांतली हे स्पेअर पार्टच्या दुकानातला जुना माणूससुद्धा सांगू शकतो. तुमच्या दारावर घासून गेलेला दुसऱ्या गाडीचा रंग हाही पुरावाच. प्रयोगशाळेत दोन रंगांचे थर जुळवून पाहता येतात.

म्हणून गाडी धुवायची नाही, पुसायची नाही आणि पंचनामा होईपर्यंत गॅरेजला टाकायची नाही. तुकडे हलवण्याआधी ते जिथे पडलेत तिथे फोटो काढा: एक लांबून, ज्यात रस्ता, दुभाजक आणि जवळचं दुकान किंवा खांब ओळखू येईल असा, आणि एक जवळून. टायरच्या खुणा दिसल्या तर त्यांचेही काढा. वाहतुकीमुळे तुकडे चिरडले जाणारच असतील तर फोटोनंतर उचलून कागदात गुंडाळून ठेवा, पोलिसांच्या हातात द्या आणि पंचनाम्यात त्यांचा उल्लेख झाला ना हे पाहा.

कॅमेरे

तिथून निघण्याआधी मान वर करून एकदा चारी बाजूंना पाहा. पेट्रोल पंप, सराफाचं दुकान, एटीएम, मेडिकल, सोसायटीचं गेट. अपघाताच्या जागेवर कॅमेरा नसला तरी पळालेला ज्या दिशेने गेला त्या दिशेचा पुढचा चौक महत्त्वाचा. फुटलेल्या दिव्याची गाडी पुढच्या कॅमेऱ्यात सहज ओळखू येते.

डीव्हीआरमधलं चित्रण कायम राहत नाही. डिस्क भरली की जुन्यावर नवं चढतं. कुठे महिनाभर टिकतं, कुठे आठवडाभरही नाही. दुकानदार फुटेज तुमच्या हातात द्यायला बहुधा तयार होत नाही, आणि त्याचंही चूक नाही. त्याला एवढंच सांगा, “दादा, पोलीस पत्र घेऊन येतील, तोवर हे पुसलं जाणार नाही एवढं बघा.” स्क्रीनवर दाखवायला तयार असेल तर तारीख-वेळ दिसेल असा मोबाइलवर व्हिडिओ घ्या. ही तपासापुरती मदत झाली. न्यायालयात चालायचं असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ फुटेज पोलिसांनीच रीतसर ताब्यात घ्यायला हवं. कोणकोणत्या ठिकाणी कॅमेरे आहेत त्याची यादी करून तपास अधिकाऱ्याला लेखी द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी सांगितलेलं हवेत विरतं.

टोल नाका लागणाऱ्या रस्त्यावर असाल तर फास्टॅगच्या नोंदीही पोलीस मागवू शकतात. तसं त्यांना सुचवायला संकोच करू नका.

दवाखाना: ‘एमएलसी’ झाली का?

लागलं असेल तर घरगुती उपचारांवर भागवू नका. मानेला बसलेला झटका आणि पोटातला मार दुसऱ्या दिवशी बोलू लागतो. रुग्णालयात गेल्यावर पहिलंच वाक्य ‘रस्त्यावर अपघात झालाय, गाडीवाला पळून गेला’ हे असलं पाहिजे, म्हणजे डॉक्टर मेडिको-लीगल केस म्हणून नोंद करतात. हीच ती एमएलसी. ‘जिन्यावरून पडलो’ असं सांगून वेळ मारून नेणारे लोक आहेत. पोलिसांची कटकट नको म्हणून नातेवाईकही तसा सल्ला देतात. तो एक शब्द केसपेपरवर चढला की पुढचा प्रत्येक दावा लंगडा होतो.

पैसे भरल्याशिवाय हात लावणार नाही, असं तातडीच्या रुग्णाला म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच हे स्पष्ट केलं आहे. शिवाय मे २०२५ मध्ये केंद्राने अधिसूचित केलेल्या योजनेत अपघातग्रस्ताला नेमून दिलेल्या रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत विनारोख उपचार मिळतात. ठोकणारा सापडलेला असो वा नसो. जवळचं असं रुग्णालय कोणतं ते ११२ वर विचारा.

रस्त्यावरचा जो कोणी तुम्हाला दवाखान्यात नेईल त्याला आपलं नाव-गाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४-अ त्याच्या पाठीशी आहे. पण त्याने अपघात पाहिला असेल तर त्याचा नंबर गोडीगुलाबीने मागून ठेवा. साक्षीदार नंतर मिळत नाहीत.

पोलीस ठाण्यात

इथे धीर धरावा लागतो. किरकोळ नुकसान असेल तर ठाणे अंमलदार स्टेशन डायरीला नोंद करून किंवा एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, देऊन तुम्हाला वाटेला लावू शकतो. फक्त पत्रा चेपला असेल आणि विम्याचं तेवढ्यावर भागणार असेल तर तेही चालवून घ्या. पण कुणालाही दुखापत झाली असेल तर एफआयआरच हवा. बेदरकार वाहन चालवणं आणि त्यातून दुखापत करणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ आणि १२५ खालचे दखलपात्र गुन्हे आहेत. मृत्यू झाला असेल तर कलम १०६(१). कळवल्याशिवाय पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारं १०६(२) तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. त्यावरून जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी देशभर गाड्या उभ्या केल्या होत्या. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली ती हे पोटकलम बाजूला ठेवून.

‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर मिळालं तर ‘झिरो एफआयआर घ्या’ म्हणा. हद्द कोणतीही असो, फिर्याद नोंदवून पुढे पाठवायची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. प्रत फुकट मिळते. नोंदवून घेतच नसतील तर त्याच कलमाप्रमाणे जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांना आणि आयुक्तालय असलेल्या शहरात उपायुक्तांना लेखी अर्ज करा, आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा.

फिर्याद कशी असावी? साधारण अशी:

“दि. ___ रोजी रात्री पावणेदहाच्या सुमारास मी माझ्या कारने सिंहगड रोडवरून धायरीकडे जात असताना, पाठीमागून भरधाव आलेल्या पांढऱ्या रंगाच्या मालवाहू टेम्पोने माझ्या कारच्या उजव्या मागील बाजूस धडक दिली. चालक न थांबता, जखमींना कोणतीही मदत न करता व पोलिसांना खबर न देता निघून गेला. टेम्पोच्या क्रमांकातील शेवटचे दोन अंक ४७ असल्याचे मी पाहिले. पूर्ण क्रमांक मला दिसला नाही. धडकेत माझ्या पत्नीच्या उजव्या मनगटास मार लागला आहे.”

यात तीन गोष्टी पाहा. जे दिसलं तेवढंच लिहिलंय, अंदाज घातलेला नाही. ‘न थांबता, मदत न करता निघून गेला’ हे शब्द आहेत, कारण थांबणं, जखमीला मदत करणं आणि पोलिसांना कळवणं ही चालकावर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ ने टाकलेली कर्तव्यं आहेत. आणि कुणाला कुठे लागलं ते नाव घेऊन सांगितलंय. जबाबावर सही करण्याआधी सगळा वाचून पाहा, वेळ आणि दिशा विशेष. उजवं-डावं उलटं होणं ही नेहमीची गडबड.

निघताना गुन्हा रजिस्टर नंबर आणि तपास अधिकाऱ्याचं नाव टिपून घ्या. घटनास्थळाचा पंचनामा होताना शक्य असेल तर स्वतः हजर राहा. २०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी प्रथम अपघात अहवाल ४८ तासांत मोटार अपघात दावा प्राधिकरणाकडे पाठवायचा असतो. तो गेला का, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

विमा: काय मिळेल, काय नाही

विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि सर्व्हेयर पाहून जाईपर्यंत दुरुस्तीला हात लावू नका.

नवख्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे असतो. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर तुमच्या गाडीच्या दुरुस्तीचा एक रुपयाही मिळत नाही. ती पॉलिसी तुमच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर असते. स्वतःच्या गाडीसाठी ‘ओन डॅमेज’ भाग असलेली पॉलिसी लागते. ती असली तरी सक्तीची वजावट (१,५०० सीसीपर्यंतच्या कारला १,००० रुपये, त्यावर २,०००) आणि प्लास्टिक-रबरच्या भागांवर ५० टक्के घसारा तुमच्या खिशातून जातो. झिरो डेप्रिसिएशन घेतलं असेल तर घसारा वाचतो.

चूक दुसऱ्याची असली तरी दावा केला की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, आणि त्याचा राग येतोच. म्हणून आकडेमोड करा. समजा तुमचा ओन डॅमेजचा हप्ता बोनसशिवाय १०,००० रुपये आहे आणि बोनस ५० टक्के आहे. दावा केलात तर पुढच्या वर्षी ५,००० जास्त भराल, त्यापुढची काही वर्षंही थोडे थोडे जास्त, कारण बोनस परत २०, २५, ३५ असा पायऱ्यांनी चढतो. दुरुस्ती सहा-सात हजारांची असेल तर माझ्या मते खिशातून करून मोकळं व्हावं. कंपनीचा माणूस हे आपणहून सांगेलच असं नाही.

पॉलिसीत आणखी एक गोष्ट असते, ती दुःखाच्या प्रसंगात कुणाच्या ध्यानात येत नाही. मालक-चालकाचा १५ लाखांचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा. गाडीचा नोंदणीकृत मालक स्वतः, वैध लायसन्ससह, गाडी चालवत असताना गेला किंवा कायमचा अपंग झाला, तर हा मिळतो, मग ठोकणारा सापडो न सापडो. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवत होता मुलगा, तर मात्र हा लागू होत नाही.

गाडी सापडली तर

मग दावा त्या गाडीच्या विमा कंपनीवर आणि मालकावर, मोटार अपघात दावा प्राधिकरणात. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे, ती पाळा. हा दावा अपघात झाला तिथेच करावा लागतो असं नाही, तुम्ही राहता तिथल्या प्राधिकरणातही करता येतो. पुण्यात अपघात झालेल्या सांगलीच्या कुटुंबाला सांगलीत. चूक सिद्ध करत बसायचं नसेल तर कलम १६४ खाली मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मागता येतात. उत्पन्नाचा विचार करता रक्कम मोठी होणार असेल तर कलम १६६. यातलं कोणतं, हे वकिलाला विचारून ठरवा.

गाडी सापडलीच नाही तर

पोलीस तपास करून शेवटी ‘अ’ समरी पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा, आरोपी मिळाला नाही. बरेच लोक इथेच फाइल बांधून माळ्यावर टाकतात. वास्तविक भरपाईच्या योजनेसाठी समरीपर्यंत थांबायचीही गरज नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम १६१ आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या योजनेनुसार मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये मिळतात. आधी हेच २५,००० आणि १२,५०० होते. गंभीर म्हणजे आयसीयूच असं नाही. हाड मोडणं, दात पडणं, पंधरा दिवस रोजचे व्यवहार करता न येणं, हे सगळं कायद्याच्या व्याख्येत बसतं. वरच्या फिर्यादीतलं मनगट क्ष-किरणात मोडलेलं निघालं, तर तेही.

अर्ज करायचा तहसीलदार किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे, आणि इथे मात्र अपघात ज्या तालुक्यात झाला तिथल्याच. सोबत एफआयआरची प्रत, शवविच्छेदन किंवा दुखापतीचा अहवाल, जखमीचा आणि अर्जदाराचा ओळख-पत्त्याचा पुरावा, बँक पासबुक, विनारोख उपचार घेतले असतील तर त्याची बिलं. एक हमीपत्रही द्यावं लागतं: पुढे गाडी सापडून दुसरीकडून भरपाई मिळाली तर ही रक्कम परत करीन, असं. त्याला घाबरू नका. मोठ्या दाव्याचा रस्ता त्यामुळे बंद होत नाही. तहसीलदारांनी महिन्याभरात अहवाल द्यायचा, जिल्हाधिकाऱ्यांनी १५ दिवसांत मंजुरी द्यायची आणि पुढच्या १५ दिवसांत पैसे खात्यात जमा व्हायचे, असं वेळापत्रक आहे. प्रत्यक्षात पाठपुरावा करावा लागतो. आवक क्रमांक जपून ठेवा.

सर्वोच्च न्यायालयाने घातलेलं बंधन ते हे: महिनाभरात वाहनाचा तपशील मिळाला नाही, तर या योजनेत भरपाई मागता येते हे पोलिसांनी तुम्हाला लेखी कळवायचं, आणि तहसीलदारांकडेही माहिती पाठवायची. असं पत्र आलं नसेल तर तपास अधिकाऱ्याला जानेवारी २०२४ च्या आदेशाचा हवाला देऊन लेखी विचारा.

तुमची गाडी उभी असताना कुणी ठोकून गेलं तर

सोसायटीच्या आवारात किंवा रस्त्याकडेला रात्रीत चेपलेला दरवाजा, याचे प्रसंग सर्वांत जास्त. वॉचमन, दूधवाला आणि पेपरवाला यांना त्याच दिवशी विचारा, सेक्रेटरीला फुटेज जपायला लेखी सांगा. बाकी वर दिलेलंच.

आणि ठोकणारे तुम्हीच असलात तर

थांबा. जमाव अंगावर येईल अशी भीती खरी असते, आणि कायद्यालाही ती माहीत आहे. जमावाच्या रोषामुळे शक्य नसेल तर जागेवर मदत न केल्याची सवलत कलम १३४ मध्येच आहे. पण मग तिथून थेट जवळच्या पोलीस ठाण्यात जायचं, २४ तासांच्या आत खबर द्यायची आणि विमा कंपनीलाही लेखी कळवायचं. वाटेत ११२ ला फोन करून जखमी कुठे पडलाय ते सांगितलंत, तर त्याचा जीव वाचू शकतो.

कागदपत्रांचं एकट्याने झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि ठरावीक मर्यादेखाली उत्पन्न असणाऱ्यांना तिथे वकील मोफत मिळतो. पोलिसांचा अहवाल येऊन महिनाभरात अर्ज आला नाही, तर तहसीलदारांनी आपणहून या प्राधिकरणाला कळवून अपघातग्रस्ताशी संपर्क साधायला सांगावं, असाही त्याच निकालात आदेश आहे.